ट्वायलाचं पहिलं पिस्तूल

माझी भावजय ट्वायला ब्रँडवोल्ड वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पिस्तूल घ्यायला निघाली, तेव्हा आमच्या गावातल्या प्रत्येक तोंडाने तिला सल्ला दिला. गावात तोंडं चारशे दहा. कॅफेतली वाढपीण म्हणाली रिव्हॉल्व्हर घे, कधी अडकत नाही. धान्याच्या कोठारावरचा माणूस म्हणाला रिव्हॉल्व्हर आजोबांच्या जमान्यातलं, नऊ मिलिमीटरचं घे. केस कापणारी म्हणाली पर्समध्ये मावेल ते घे. तिच्या थोरल्या मुलाने फोनवर सांगितलं, "आई, तू कुत्रा पाळ."

"कुत्र्याला भरवायचं कोणी, चालवायचं कोणी?" ट्वायला म्हणाली. "पिस्तूल निदान गालिच्यावर घाण तरी करत नाही."

झालं होतं असं. ऑगस्टातल्या एका दुपारी ती स्वयंपाकघरात रानचेरीची जेली करत होती. माझा भाऊ गेलन जाऊन तीन वर्षं झालेली, मुलं दूर शहरांत, आणि घर गावापासून अकरा मैलांवर, खडीच्या रस्त्याच्या अगदी टोकाला. एक अनोळखी माणूस दाराशी आला आणि थोडं पेट्रोल मिळेल का म्हणून विचारू लागला. बोलायला लोण्यासारखा. ट्वायला हातात डाव घेऊन त्याच्याशी बोलत उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात त्याच्या जोडीदाराने मागच्या शेडमधून गेलनचं वेल्डिंग मशीन उचलून ट्रकमध्ये घातलं. धाडकन आवाज आला. तिने विचारलं, "कोण आहे तिकडे?" तर दारातला माणूस हसला आणि एक पाऊल आत आला. मग मागून शिट्टी वाजली, तो वळला, आणि दोघं धूळ उडवत निघून गेले.

शेरीफचा पोलीस पन्नास मिनिटांनी पोचला. त्याला तरी काय बोलणार, मोंटानाच्या या कोपऱ्यात एकेका माणसाच्या वाट्याला मैलच मैल येतात.

"पन्नास मिनिटांत माझी सगळी जेली बाटल्यांत भरून झाली, आर्डिस," ती मला फोनवर म्हणाली. आवाज थंड होता. मग म्हणाली, "पण ते एक पाऊल काही डोक्यातून जात नाही गं."

ट्वायलाने आयुष्यात एकदाच गोळी झाडली होती, १९८१ साली, रॅटलस्नेकवर. साप सुखरूप गेला. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मात्र बदलावं लागलं. गेलनच्या शिकारीच्या बंदुका मुलांनी वाटून नेल्या होत्या, आणि त्या असत्या तरी तिने हात लावला नसता. तिला स्वतःचं काहीतरी हवं होतं. आणि दुसरी एक गोष्ट तिने मला दबक्या आवाजात सांगितली, जणू पाप कबूल करतेय. "नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवायला नकोय मला. नेमबाजीसुद्धा शिकायचीय. डब्यांवर, पाट्यांवर. गेलन जायचा तेव्हा मी सँडविचेस बांधून द्यायचे. आता मला जायचंय."

मग आम्ही गेलो. मी, ट्वायला आणि माझा नवरा लोवेल. लोवेलला बोलावलं नव्हतं. पण त्याला जगातल्या दोन गोष्टींतलं सगळं कळतं, एक बंदुका आणि दुसरं इतरांची लग्नं. त्यामुळे तो आधीच गाडीत जाऊन बसला होता.

दुकान कॉर्लिसचं. कॉर्लिस म्हणजे बहात्तर वर्षांची, जेमतेम पाच फुटांची बाई. तीस वर्षं तिने या जिल्ह्यात टपाल वाटलं, आणि रविवारी नेमबाजीच्या स्पर्धा जिंकत राहिली. तिच्या दुकानात एका भिंतीवर बंदुका, एका भिंतीवर मासे पकडायच्या काठ्या आणि मध्ये तिने स्वतः विणलेले पायमोजे विकायला.

आत शिरताच लोवेलने काचेवर बोट टेकवलं. आत एक इवलंसं रिव्हॉल्व्हर होतं, फिकट जांभळ्या रंगाचं.

"हे बघ! खास बायकांसाठी. हलकं, सुबक. आणि तुझ्या त्या चर्चच्या कोटावर शोभेल."

ट्वायलाने चष्मा वर करून पाहिलं. "लोवेल, मला ते माणसाला लागायला हवंय, कोटाला नाही."

कॉर्लिस काउंटरमागे पायमोजा विणत होती. तिने मान वर केली नाही. "पिस्तूल बुटासारखं असतं बाई. दुसऱ्याच्या पायाला विचारून बूट घेतात का?" मग सुया खाली ठेवून तिने ट्वायलाचा उजवा हात हातात घेतला, डॉक्टर बघतात तसा. बोटं मोजली, तळवा पाहिला, अंगठ्याचा सांधा दाबला. ट्वायला "आई गं" म्हणाली.

"संधिवात?"

"दोन वर्षं झाली."

"बरं. आज काही विकत नाही मी तुला. शनिवारी सकाळी रेंजवर ये. चार पिस्तुलं आणते. चारही चालव, मग बोलू." आणि लोवेलकडे बघून, "तू पण ये. गप्प बसायची सवय करायला."

शनिवारी वारा होता, पण ऊन लख्ख होतं. गावाबाहेरच्या टेकाडाच्या पोटात रेंज आहे. समोर मातीचा उंच बांध, अलीकडे लाकडी टेबलं, कागदी निशाणं आणि लोखंडी ताटल्या टांगलेल्या. कॉर्लिसने आधी अर्धा तास आम्हाला गोळी बघूसुद्धा दिली नाही. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं. नळीचं तोंड सदा बांधाकडे. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नाही. मागे काय आहे ते बघितल्याशिवाय झाडायचं नाही. हे सगळं तिने आमच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं, लोवेलकडूनसुद्धा. त्याचा चेहरा चौथीत परत बसवल्यासारखा झाला होता.

मग डोळ्यांवर चष्मे, कानांवर ते मोठे वाटोळे कानबंद, आणि पहिलं पिस्तूल. लोवेलचं लाडकं जांभळं.

ट्वायलाने दोन्ही हातांनी धरलं, जीभ दातांत पकडली आणि चाप ओढला. ते इवलंसं रिव्हॉल्व्हर तिच्या हातात खेचरासारखं उसळलं. बांधावर कुठेतरी वरच्या अंगाला धूळ उडाली.

"अगं बाई!" ती ओरडली. "हे तर चावतं!"

"मूर्ती लहान," कॉर्लिस म्हणाली. "हलकं पिस्तूल जास्त उसळतं. धक्का पिस्तुलाने खायला हवा, मनगटाने नाही. हे लहान पिस्तूल मुरलेल्या हाताला द्यायचं, पण दुकानदार नेमकं नवख्या बाईला देतात. पुढचं."

दुसरं लोवेलने घरून आणलं होतं, त्याचं स्वतःचं मॅग्नम, एखाद्या ट्रॅक्टरचा भाग असावा तसं. ट्वायलाने ते उचलून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं. "नाकापेक्षा मोती जड. हे घेऊन मी उभी राहीपर्यंत चोर जेवून जाईल."

तिसरं खिशात मावणारं, चपटं. त्याची वरची स्लाइड मागे ओढूनच पहिली गोळी आत जाते. ट्वायला ओढते आहे, ओढते आहे, लालबुंद झाली, स्लाइड हलेना. कॉर्लिसने युक्ती सांगितली, वरचा भाग ओढायचा नाही, तो डाव्या हाताने घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. तेव्हा अर्धा इंच सरकली. अंगठा ठणकायला लागला. ट्वायलाचा चेहरा पडला. हात चोळत ती बाकावर बसली आणि मला म्हणाली, "माझं वय झालंय गं. हात दाखवून अवलक्षण केलं मी."

मला वाटलं आता घरी. पण कॉर्लिसने चौथं पुढे ठेवलं. लांब नळीचं, पातळसं, पॉइंट टू-टूचं. काडतुसं पेन्सिलीच्या टोकाएवढी. स्लाइड लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"ती डावीकडची लोखंडी ताटली," कॉर्लिस म्हणाली. "घाई नाही."

ठप्. इतकाच आवाज. आणि त्यानंतर पलीकडून एक लहानसा, गोड टिंग.

ट्वायला हलली नाही. "तो आवाज माझा?"

"तुझा."

ठप्, टिंग. ठप्, टिंग. ठप्, काही नाही. ठप्, टिंग! आणि मग तिला हसू फुटलं. पोटातून आलेलं, आवरता न येणारं, फिदीफिदी हसू. तिने शहाण्यासारखं पिस्तूल आधी टेबलावर ठेवलं, तोंड बांधाकडे करून, आणि मग कंबरेत वाकून हसत सुटली. "ताटलीला लागलं! माझं! मी, ट्वायला!" मला हसू आलं. कॉर्लिसला आलं. दोन टेबलं पलीकडे एक दाढीवाला गवंडी आपल्या भल्यामोठ्या पिस्तुलाने नेम धरत होता, त्यालाही आलं, आणि बिचाऱ्याला खाली ठेवावं लागलं. गेलन गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या आधीही नव्हतं पाहिलं.

पाचवं होतं नऊ मिलिमीटरचं, पूर्ण आकाराचं. पण त्याची स्प्रिंग मुद्दाम हलकी केलेली, दुखऱ्या हातांसाठी. वजनदार. ट्वायलाने ढकलण्याची युक्ती वापरली आणि स्लाइड गेली. धक्का होता, पण चावरा नव्हता, हात धरून हलवल्यासारखा. सात यार्डांवरच्या कागदावर पहिल्या पाच गोळ्या माझ्या तळव्याएवढ्या जागेत पडल्या.

लोवेल बघतच राहिला. "वाऱ्याने," तो म्हणाला.

"वाऱ्याने काय?" मी म्हटलं.

"वाऱ्याने मदत केली."

"मग तूच उभा राहा की वाऱ्यात!" ट्वायला म्हणाली. तो उभा राहिला. त्याच्या पाच गोळ्या एका मोठ्या थाळीएवढ्या जागेत पडल्या, आणि मग घरी जाईपर्यंत त्याने हवामानाचा विषय काढला नाही.

तेवढ्यात कॉर्लिसने माझ्याकडे पाहिलं. "आर्डिस, तू?"

मी तर नुसती सोबतीला आले होते. तीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला, माझ्या हाताला झारा माहीत. पण सगळे बघत होते, म्हणून मी नऊ मिलिमीटरचं उचललं. पहिली गोळी बांधात गेली. दुसरीच्या वेळी पिस्तुलाने रिकामी पुंगळी उडवली, ती वर गेली, गिरकी घेतली आणि सरळ माझ्या ब्लाउजच्या गळ्यात उतरली. चुलीतून काढलेल्या निखाऱ्यासारखी.

"आधी पिस्तूल खाली!" कॉर्लिस गरजली. "मग नाच!"

मी पिस्तूल खाली ठेवलं, कसं ते देव जाणे. आणि मग नाचले. काय नाचले! लग्नातसुद्धा एवढी नाचले नव्हते. गवंडी भला माणूस, त्याने पाठ फिरवली, पण त्याचे खांदे हलत होते. ट्वायला बाकावरून घसरून खाली गवतात बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गळाबंद शर्ट घालून या असं कोणी सांगितलं कसं नाही?" मी ओरडले. "सांगितलं होतं," कॉर्लिस म्हणाली, "तू तेव्हा पाढे म्हणत नव्हतीस, सँडविच खात होतीस."

पुढचा आठवडाभर ट्वायला जमिनीवर नव्हती. दिवसातून चारदा फोन. "आर्डिस, तो टिंग आठवतो का गं?" हमरस्त्यावर मैलाचे दगड दिसले की ती गाडीतच मान तिरकी करून नेम धरायची, नुसत्या डोळ्याने. पण प्रश्न तसाच राहिला होता. पैसे एकाच पिस्तुलाचे होते. जीव जडला होता टू-टूवर, आणि गरज होती नऊ मिलिमीटरची.

लोवेल म्हणाला, टू-टू म्हणजे पोरखेळ, त्याने चोराला गुदगुल्या होतील. मुलगा म्हणाला, आई, अजूनही कुत्र्याचा विचार कर. शेवटी ती एकटीच कॉर्लिसकडे गेली आणि मला नंतर तिने सगळं सांगितलं. कॉर्लिसने तिला दोन्ही पिस्तुलं रिकामी करून हातात दिली, डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "त्या दुपारच्या दारात उभी राहा. तो माणूस पाऊल टाकतोय. हातात कुठलं आहे?"

ट्वायलाने दोन्ही पिस्तुलं हातांवर तोलून पाहिली. मग म्हणाली, "जड."

"मग ते घे. पण एक ऐक. कपाटात झोपवलंस तर ते नुसता लोखंडाचा तुकडा आहे. दर आठवड्याला चालव. आणि पिस्तूल हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे. आधी कडी. मग फोन. मग आवाज, पोटातून काढलेला. हे तिन्ही संपले, पळायला वाट उरली नाही आणि जीव जातोय असं दिसलं, तरच. मी देवाकडे मागते की तुझं कधीच तिथवर जाऊ नये."

"मीही तेच मागते," ट्वायला म्हणाली.

खरेदीच्या दिवशी मी सोबत होते. सरकारी फॉर्म भरायचा असतो, मग दुकानदार फोन करून तुमची चौकशी करतो. कॉर्लिस फोन कानाला लावून वाट बघत होती आणि ट्वायला घामाघूम. मला म्हणाली, "आर्डिस, १९७८ साली मी घोडा घेऊन बँकेत शिरले होते. दंडाची पावती फाडली होती माझ्या नावाने. ते निघेल का गं त्यांच्याकडे?"

"घोड्याचं काय झालं?" मी विचारलं. मला ही गोष्ट माहीतच नव्हती.

"घोडा चांगला होता. पैज मी जिंकले. पण पोलिसांनी..."

"मंजूर," कॉर्लिस म्हणाली आणि फोन ठेवला. "घोड्याबद्दल त्यांनी विचारलं नाही."

ट्वायलाने तिला मिठी मारली, काउंटरवरून, पायमोज्यांच्या ढिगासकट. आणि त्या मिठीच्या भरात मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "कॉर्लिस, तो फॉर्म मलाही एक दे. ते टू-टू मी घेते." शाळेने निवृत्तीच्या वेळी दिलेले पैसे होते, ते मी नव्या पडद्यांसाठी ठेवले होते. पडदे जुनेच बरे दिसत होते.

घरी लोवेलला सांगितलं तेव्हा तो टेबलाशी बसून सूप पीत होता. चमचा हवेत राहिला. "तू?" तो म्हणाला. "तू पिस्तूल घेतलंस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर जांभळं आणायला लावलं असतंस."

ट्वायलाने पलंगाजवळ बोटांच्या खुणेने उघडणारी लोखंडी पेटी बसवून घेतली. नातवंडं येतात तेव्हा ती आणखी एका कुलपाआड. पेटी आल्यापासून तिला झोप लागायला लागली असं तिने सांगितलं. मला वाटतं ते पेटीमुळे कमी आणि दर बुधवारी झाडलेल्या शंभर गोळ्यांमुळे जास्त.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी तिच्या अंगणात परत अनोळखी गाडी आली. ट्वायला स्वयंपाकघरात होती. तिचे पाय गेले ते थेट कडीकडे. कडी लागली. फोन हातात आला. झोपण्याच्या खोलीच्या दारात, पेटीजवळ, ती उभी राहिली आणि पायऱ्या वाजल्या तेव्हा तिने पोटातून आवाज काढला: "थांब! तिथेच! कोण आहेस?"

बाहेरून एक घाबरलेला आवाज आला, "मॅडम, मी... मी लुथरन चर्चचा आहे!"

तिने खिडकीतून पाहिलं. गावात नवे आलेले पास्टर वेंडेल पायरीवर उभे होते, दोन्ही हात वर, आणि उजव्या तळव्यावर अख्खा अ‍ॅपल पाय, वेटरने ताट तोलून धरावं तसा. ताटलीतून कणभरही सांडलं नव्हतं.

तिने दार उघडलं, दहादा माफी मागितली, कॉफी ठेवली. पास्टरने दोन तुकडे खाल्ले, रंग परत आल्यावर विचारलं, "तुम्ही कधी चर्चमध्ये गायलात का? असा आवाज आमच्या गायकवृंदात एकाचाही नाही." मग सगळी हकिकत ऐकून म्हणाले, "माझी बायको इथे नवीन आहे, कोणी ओळखीचं नाही. बुधवारी तिला घेऊन जाल का तुमच्याबरोबर?"

म्हणून ऑक्टोबरातल्या पहिल्या बुधवारी बायकांच्या छोट्या स्पर्धेला आम्ही तिघी गेलो. पास्टरची बायको नुसती बघायला आली होती आणि कॉर्लिसने तिला लगेच पाढे म्हणायला बसवलं. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं, श्वासाच्या वाफा निघत होत्या. अकरा जणी होत्या. प्रत्येकीपुढे एका रांगेत सहा लोखंडी पाट्या, गोळी लागली की आडव्या पडणाऱ्या. घड्याळ लावायचं आणि सहाही पाडायच्या.

ट्वायलाचा नंबर आला तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "आर्डिस, माझे गुडघे कुणीतरी काढून नेलेत."

शिट्टी वाजली. पहिल्या दोन गोळ्या कुठे गेल्या ते बांधालाच ठाऊक. तिसरीला पहिली पाटी पडली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी, पाचवी, खट्, खट्, खट्! सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. सहावीला गोळी लागली, ठण् असा आवाज आला, पाटी मागे झुकली आणि तशीच राहिली, कलून, दारूच्या नशेतल्या माणसासारखी, पडेना.

"पड!" ट्वायला ओरडली. तोच पोटातला आवाज. "पड ना गं, भवाने!"

"पड! पड! पड!" अकरा बायका ओरडायला लागल्या, पास्टरची बायको सगळ्यांत मोठ्याने. ट्वायलाने परत नेम धरला, श्वास सोडला आणि झाडली. पाटी गेली.

अकरा जणींत ती नववी आली. मी अकरावी आले, आणि गळाबंद स्वेटर घालून आले होते म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. कॉर्लिसने वेळा वाचून दाखवल्या तेव्हा ट्वायलाने नववा नंबर ऐकून दोन्ही मुठी आकाशात उंचावल्या, जणू राज्याच्या अजिंक्यपदाची ढाल मिळाली.

"दोघींना हरवलं!" ती म्हणाली. गाल थंडीने आणि आनंदाने लाल झालेले. "आर्डिस, ऐकलंस ना? दोघींना!"

"त्यातली एक मी आहे."

"तू तर मोजायलाच नको. चल, परत रांग लागतेय." आणि माझं उत्तर ऐकायच्या आत ती टेबलाशी जाऊन मॅगझिनमध्ये गोळ्या भरायला लागलीसुद्धा.